ढग बघून लावलेला भात

लीलावहिनी घड्याळ पाहून भात लावत नसत. आधी गच्चीवर जात, मान वर करून ढग बघत आणि खाली येऊन सांगत, "आज हे उशिरा येणार." त्यांचे यजमान भाऊराव डाकोटा विमानावर रेडिओ ऑफिसर होते. डमडम विमानतळाजवळच्या घरात त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. लग्न होऊन कलकत्त्यात आल्यावर मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, ती धडा घेऊनच परतले.

"कलकत्ता ते नागपूर सहाशे मैल. जाताना तेवढेच, येताना तेवढेच. पण वेळ वाऱ्याच्या हातात. एरवी वारा पश्चिमेचा, म्हणून जायला जास्त, यायला कमी."

"मग दोरीवरचं पातळ बघितलं तरी कळेल की."

"पातळ खालचा वारा सांगतं. विमान काय दोरीवर वाळत घालतात? वरचा वारा ढगाला विचारायचा!"

आमचे हे त्यांना चिडवत, "वहिनी, टाइमटेबल कंपनीनं तुमच्याकडूनच करून घ्यावं."

"घेऊ देत की, भावजी. निदान माणसं गरम जेवतील."

एका कार्तिकात समुद्रात वादळ उठलं. भाऊराव नागपुराहून दुपारी बाराला घरी यायचे होते. साडेबारा झाले. शेजारच्या बंगाली मावशी, माशीमा, औषधाच्या दुकानातून फोन करून धापा टाकत आल्या. विमानतळावर कुणी धड सांगत नव्हतं. "बौमा, एखनो एलो ना?" म्हणत त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"अजून नाही, माशीमा. बसा." वहिनी माझ्याकडे वळल्या. "आज ढग उलटे पळतायत, पूर्वेकडून. वारा समोरचा. तासभर जास्त धर."

तो तासही गेला. मी हळूच म्हटलं, "वहिनी, भात नंतर लावू या का?"

"टाइमटेबल कंपनीचं, भात माझा. दोघांचे तांदूळ काढलेत, ते परत डब्यात जाणार नाहीत." त्या पाठ करून मोरीशी बसल्या आणि तांदूळ धुवायला लागल्या. पाणी काचेसारखं नितळ झालं, तरी धूतच राहिल्या.

दीडच्या पुढे जीपचा हॉर्न वाजला. भाऊराव दारातूनच म्हणाले, "लीला, काय समोरचा वारा होता—"

"माहीत आहे. पाय धुवा, भात लावतेय."

किती ताठ उभ्या होत्या त्या! पातेलं त्यांच्या हातातून घेताना मला त्यांची बोटं दिसली. पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती.

आता माझा मुलगा जेट विमान चालवतो. सूनबाई हसते, "आई, जेटला वाऱ्यानं कितीसा फरक पडतो?"

"दहा मिनिटांचा. गरम भाताला तेवढा पुरतो," मी सांगते आणि गच्चीवर जाऊन येते. हवा बिघडलेली असली की एवढंच बजावते, "तांदूळ दोघांचे घे. आणि दोनदाच धू."