गाडीला पाजायचं पाणी

पाणी आधी उजव्या तळहातावर घ्यायचं, जिभेच्या टोकाला लावायचं, डोळे मिटायचे, मग थुंकून म्हणायचं, "गोड हाय. येऊ द्या." तेवढं झाल्याशिवाय आमच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये एक थेंब पडत नसे. उतारू खोळंबोत, लाँच चुकायची वेळ येवो.

ही गोष्ट एस.टी. आमच्या रस्त्यावर यायच्या आधीची. धरमतरला मुंबईची लाँच लागे आणि तिची माणसं आमची खाजगी सर्व्हिस अलिबागला पोचवी. मी कंडक्टर, पाणी चाखणारे ते ड्रायव्हर. वयानं माझ्या दुप्पट. पण कंडक्टरला तेव्हा सगळे मास्तर म्हणत, म्हणून तेही मला मास्तर म्हणत आणि अहोजाहो करत. मी त्यांना काका म्हणायचो.

वाटेत कार्ले खिंडीचा चढ. गाडी जुनी, माणसं नेहमीच जास्त. माथ्यावर पोचेपर्यंत रेडिएटर चहाच्या किटलीसारखा वाजू लागे. म्हणून चढाआधी पोयनाडला पाणी भरायचं. तुम्ही म्हणाल, पाणी ते पाणी, त्यात निवडायचं काय? आमच्या मालकांचंही हेच म्हणणं होतं. पण ज्यांनी खाडीकाठच्या खारेपाटात उन्हाळे काढलेत त्यांना ठाऊक आहे, की आषाढात गोड असलेली विहीर वैशाखात मचूळ होते. असलं पाणी इंजिनात गेलं की नळ्यांत पांढरे थर धरतात, पत्रा सडतो आणि गाडी आतल्या आत मरते. बाहेरून काही दिसत नाही.

काकांच्या जिभेची कीर्ती एवढी, की कुणी नवी विहीर खणली की तांब्या घेऊन गाडीपाशी हजर. एकदा एका सावकाराच्या विहिरीचं पाणी चाखून काका म्हणाले, "ह्या पान्यात डाल शिजंल न्हाय, इंजिन मातर शिजंल." सावकार महिनाभर आमच्या गाडीत बसला नाही.

पावसाळ्यात पहिले आठ दिवस कौलं धुऊन निघू द्यायची, मग पागोळ्यांचं पाणी पिंपात भरायचं, फडक्यानं गाळायचं, हा त्यांचा नेम. वर्षातून एकदा धुण्याच्या सोड्यानं रेडिएटर आतून धुवायचे आणि हे पिंपातलं पाणी त्याला पाजायचे. तापलेल्या रेडिएटरचं टोपण कुणी लगेच उघडू लागला तर खेकसायचे. त्यावर ओलं पोतं टाकून स्वतः विडी ओढत बसायचे. एकदा वऱ्हाड घेऊन जाताना खिंडीत रेडिएटर गळू लागला. काकांनी वरमाईकडून मूठभर हळद मागून घेतली आणि आत टाकली. गळती थांबली. "आज गाडीलापन हलद लागली," म्हणाले, आणि नवरीसुद्धा हसली.

मग एका पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला. महिनाभर पडून होते. परतले ते निम्मे होऊन, पण गाडीवर बसले की पूर्वीचेच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पोयनाडची आमची नेहमीची विहीर आटली. खाडीच्या अंगाला दुसरी एक होती, तिथं गेलो. मी बादली ओढली. ऊन मी म्हणत होतं, म्हणून ओंजळभर प्यायलो. पाणी मचूळ लागलं. तेवढ्यात काका आले. तळहातावर पाणी घेतलं, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटले.

"गोड हाय. येऊ द्या."

मी बादली धरून उभा राहिलो. एवढ्या वर्षांची ती जीभ, आणि माझी काल आलेल्याची. मला माझ्याच जिभेचा संशय आला. मी ओतलं. पुढे दीड महिना रोज तेच पाणी ओतत राहिलो, आणि पुन्हा चाखायचं मात्र टाळलं.

जेठात खिंडीच्या ऐन चढावर गाडी बसली. पाणी केव्हाच गळून गेलं होतं आणि इंजिनाला भेग पडली होती. मिस्त्रीनं रेडिएटर उघडून मालकांना दाखवला. नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या. मालकांनी विचारलं, पाणी कोण आणायचं? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, मग उद्यापासून येऊ नकोस. घरात आई होती, दोन लहान बहिणी होत्या.

काका पुढे झाले. "मालक, पानी मास्तरांनी ओढला, पास मी केला. तापापासून मना चव कलत न्हाय. गोड न्हाय, खारा न्हाय. सांगायची लाज वाटली."

त्या माणसाचा एवढाच काय तो तोरा होता, आणि तो त्यानं चारचौघांत काढून ठेवला. माझ्यासाठी. मालक वरमले. म्हणाले, गाडी काय जिभेनं चालवतात, तुम्ही दोघंही या कामावर. पण काकांनी चावी टेबलावर ठेवली आणि चालते झाले. मी त्या वेळीही काही बोललो नाही.

महिन्याभरानं त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. काकांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"मास्तर, एक इचारू? त्या विहिरीचा पानी तुमी कवा चाखला व्हता का?"

मी म्हटलं, "नाही, काका."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बरा झाला. मना रोज वाटं, मास्तरांना ठाव व्हता नि माज्या भीडंनं गप रायले. तसा आसता त लय वाईट झाला आसता. चाखला आसता त तुमी मना सांगितलाच आसता."

मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. त्यानंतर ते वर्षभर जगले. त्या वर्षात मी त्यांच्या घरी पुन्हा गेलो नाही.