पायी निघालेले उत्तर

बॅटरीदादांची व माझी ओळख प्रौढांच्या साक्षरता वर्गात झाली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा पेन्सिल धरली, तेव्हा ते माझ्या शेजारच्या बाकावर बसत. बाजारामागच्या गल्लीत त्यांचे टॉर्च आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचे दुकान होते. कोणती तार कुठे जाते हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. दुकानावरची पाटी मात्र वाचता येत नसे.

सराव व्हावा म्हणून वर्गाच्या बाईंनी मोबाईलवर आमचा एक गट काढला. बोलून निरोप पाठवायचा नाही, लिहूनच पाठवायचा, असा नियम होता. बाईंच्या मदतीला एक निवृत्त कारकून येत. गटाची देखरेख त्यांच्याकडे होती. गटावर दिवसभर विज्ञानाच्या गप्पा रंगत. फ्रिज भिंतीला टेकवावा का, उशीखाली फोन का तापतो, भिजलेला फोन तांदळात ठेवून खरेच सुकतो का. कारकून कुठून कुठून आलेली माहिती पुढे ढकलीत. दादा फक्त स्वतः करून पाहिलेले सांगत. एका वाक्याला त्यांना दहा मिनिटे लागत. लोक लिहीत, "दादांचं उत्तर पायी निघालंय, पोचेल संध्याकाळपर्यंत." दादाही हसत. तरीही सगळे वाट पाहत त्यांच्याच उत्तराची. लिहिलेल्या शब्दामुळे असा मान त्यांना आयुष्यात प्रथमच मिळत होता आणि ते तो फार जपत.

एका रविवारी दुपारी वर्गातल्या एका रखवालदाराने गटावर विचारले, टॉर्चमधल्या पत्र्याच्या पट्टीला गंज चढला आहे, टोकदार वस्तूने खरवडू का? दादा लिहू लागले. अक्षर चुके, ते पुसत, पुन्हा लिहीत. तेवढ्यात वर्गातल्याच शिलाईवाल्या वहिनींनी एक फोटो टाकला. त्यांच्या जुन्या फोनची बॅटरी फुगली होती. सुईने टोचून हवा काढू का, असे त्यांनी विचारले. त्याच्या खाली दादांचे उत्तर येऊन पडले: "हो. हळू करा. घाबरू नका." उत्तर गेल्याचे पाहून दादांनी चष्मा काढला आणि ते जेवायला बसले.

वहिनींनी सुई टोचली आणि बॅटरीने पेट घेतला. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे भाजून आखडली. त्यांचे मशीन आता त्यांची जाऊ चालवते.

कारकुनांनी गटावर लिहिले की अर्धवट ज्ञान घातक असते, आणि तासाभरात दादांना गटातून काढले. दादांनी आपला खुलासा वहीत लिहिला. त्याला दोन दिवस लागले, आणि पाठवायला गट उरला नव्हता. ते वहिनींच्या घरी गेले, तेव्हा जाऊ दारातच म्हणाली, "आता हिचा हात कसा बरा होईल, तेही द्या लिहून." हळूहळू दुकानातही कोणी येईनासे झाले.

मी कारकुनांना दोन्ही प्रश्नांच्या आणि उत्तराच्या वेळा दाखवल्या. त्यांनी त्या नीट पाहिल्या. "कळतंय मला. पण आता कशाला उकरून काढायचं? गट शांत आहे." माझ्या शुद्ध लिहिण्याचे त्यांनी आदल्याच आठवड्यात सर्वांसमोर कौतुक केले होते. ते मला गमवायचे नव्हते, म्हणून मी गप्प राहिले. हे लिहिताना लाज वाटते, परंतु ते असेच घडले.

पुढच्या महिन्यात बाईंनी शिकवले की ज्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, त्यावर बोट दाबून धरावे. म्हणजे उत्तर त्यालाच जोडून जाते. पाच मिनिटांचा धडा होता. माझ्या शेजारचे बाक रिकामे होते.

दादा दुकान विकून मुलीकडे राहायला गेले. निघण्यापूर्वी ते माझ्या दारात आले होते. मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. म्हणाले, "ताई, तुम्हाला भराभर लिहिता येतं. गटावर एवढंच टाका, की ते उत्तर टॉर्चचं होतं."