खानावळीत नको म्हणजे नको

आमच्या भागात चहाची तीन-चार दुकानं आहेत आणि त्यातलं एकच दुकान चहा करतं. बाकीचे साखर उकळतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळं मागून बोलते असं कुणी म्हणू नये.

धाराशिवच्या जुन्या वस्तीत, दर्ग्याकडं जाणाऱ्या एका बोळात मी एकटी राहते. परंडा तालुक्यातल्या शाळांमधून सगळी नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आम्ही दोघं इथं राहायला आलो. मग हे गेले. मुलगा पुण्यात असतो. घरात गॅस आहे, तवा आहे, परात आहे, पीठ न्हाई. लोक काशीला जाऊन एखादी भाजी सोडतात. मी कुठं न जाता स्वयंपाकच सोडला.

एकटीसाठी भाकरी थापून बघा एकदा. मूठभर पीठ घेतलं तर निम्मं हातालाच चिकटतं. थोडं जास्त घेतलं तर दोन भाकरी होतात, आणि दुसरी भाकरी संध्याकाळपर्यंत दुरडीत पडून आपल्याकडं बघत राहते. तिचं काय करायचं ते मला कळेना. म्हणून मी बाहेर जेवायला लागले. गल्लीतल्या बायकांनी काही दिवस तोंडाला पदर लावून चर्चा केली, मग त्याही कंटाळल्या.

सकाळचा चहा त्या एकाच दुकानात, चाचांकडं. ते दूध आधी आटवतात आणि पत्ती शेवटी टाकतात. मी दिसले की हातातलं काम ठेवून फळीखालचं स्टूल बाहेर काढतात, फडक्यानं पुसतात आणि "बैठो बाई" म्हणतात. बोलणं एवढंच. शेजारच्या बेकरीतली खारी चांगली असते, पण सकाळचीच घ्यावी, दुपारनंतर ती मऊ पडते. संध्याकाळी चौकात भज्यांचा गाडा लागतो. त्याची मिरची खरी आणि कांदा बेताचा. दवाखान्याच्या कोपऱ्यावर गुलाबजामचं दुकान आहे, खवा भूमकडून येतो म्हणतात. खरं-खोटं तो जाणे, पण गुलाबजाम गरम असतो, आणि माझ्यासारखीला गरम काही मिळालं की पुरे असतं.

गल्लीच्या टोकाला मटणाची खानावळ आहे. आमच्याकडच्या शेळीचं नाव लांबवर गेलंय, तेव्हा रस्सा कसा असेल ते सांगायला नको. पण बाईमाणूस एकटं आत शिरलं की मालक लगबगीनं उठून पडदा सारतो. "बाई, फॅमिलीत बसा." फॅमिली म्हणजे प्लायवूडचं खोपटं. आत एक टेबल, चार खुर्च्या आणि आवाज करणारा पंखा. पहिल्यांदा मी मुकाट्यानं बसले. तीन रिकाम्या खुर्च्यांसमोर जेवले. रस्सा झणझणीत होता, डोळ्यांना पाणी आलं, आणि ते रश्श्यामुळंच आलं असं मी अजून म्हणते. दुसऱ्या खेपेला त्याला सांगितलं, "मला बाहेर बसायचंय. या वयात मला कोण पळवून न्हेतंय?" तेव्हापासून मी बाहेर खिडकीशी बसते, आणि आत येणारे पुरुष माझ्याकडं बघून आपला आवाज बारीक करतात. शाळेतली सवय, मला ते आवडतं.

दुपारचं जेवण मात्र ठरलेल्या ठिकाणी. बोळाच्या तोंडाशी नवरा-बायकोची खानावळ आहे. तो गल्ल्यावर बसतो, ती आत भाकरी थापते. ज्वारीची भाकरी, वरण, एक पातळ भाजी, शेंगाची चटणी. गुरुवारी शेंगोळे. तिचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला, हे मी तिला कधी सांगितलेलं न्हाई. तीही बोलकी न्हाई. भाकरीचं ताट घेऊन येते, विचारते, "भाकरी?" मी म्हणते, "नको." ती जाते.

इथंच सगळं दुखणं आहे.

आपल्याकडं पहिलं नको कुणी मनावर घेत न्हाई. पहिलं नको ही रीत असते. दुसरं नको म्हणजे संकोच. तिसऱ्याला वाढणाऱ्यानं ताटाकडं बघून ठरवायचं, आणि ठरवायचं म्हणजे वाढायचंच. आमचे हे तर आग्रहाचे रोगीच होते. मी ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून भात घालायचे. मी वैतागायची. "माणसाचं पोट आहे का पोतं?" म्हणायची. चाळीस वर्षं मी जेवताना नको म्हणत आले आणि चाळीस वर्षं एक घास जास्तीच खाल्ला. खानावळीत नको म्हणजे नको. त्यात वाढणाऱ्याची चूक काहीच न्हाई, त्याला दहा ताटं बघायची असतात. पण पहिल्यांदा नको म्हटलं आणि भाकरी खरंच पुढं निघून गेली, तेव्हा मी त्या बाईच्या पाठीकडं बघतच राहिले. मी अर्धपोटी उठले आणि कुणाच्या ध्यानातही आलं न्हाई. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. कुणीतरी मला दुसऱ्यांदा विचारावं. बाकी कशाची भूक मला राहिलेली न्हाई.

मग येळवस आली.

बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. मार्गशीर्षातली अमावस्या ही आमच्याकडं येळवस. त्या दिवशी गावात कुणी राहत न्हाई. सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, पूजा करायची, शिवारात आंबील शिंपडायची आणि मग मांडीला मांडी लावून जेवायचं. हरभरा, तूर, वाल, हिरवं असेल ते सगळं घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि बिंदग्यातली, म्हणजे लहान मडक्यातली, ताकाची आंबट आंबील. ज्याला शेत न्हाई त्याला शेतवाल्यानं बोलवायचं. रस्त्यानं जाणाऱ्यालासुद्धा बांधावरून हाक मारायची. जिल्ह्याचं गाव असलं तरी धाराशिव त्या दिवशी संचारबंदी लागल्यावाणी ओस पडतं.

आमचंही शेत आहे, सोनारीला. म्हणजे होतं. वाटण्यांत ते दिरांकडं गेलं, दीर मुलाकडं पुण्याला गेले, आणि जमीन आता बटईनं दुसराच माणूस करतो. त्यानं मला का बोलवावं? माहेर ईटचं, तिथं भाऊ न्हाई. हे होते तोवर त्यांचे दोस्त बोलवायचे. ते दोस्त यांचे होते, हे नंतर कळलं.

येळवसच्या आधी दोन-तीन दिवस सगळीकडं एकच प्रश्न असतो. कुणाच्या रानात? चाचांनीसुद्धा चहा गाळता गाळता विचारलं. "मेरेकू तो दो जगा बुलाए," म्हणाले. "बाई, तुमचं कुठं?"

"बघू," मी म्हणाले. "लई जणांचं बोलावणं आहे."

मटणवाल्याला हेच सांगितलं. गुलाबजामवाल्याला तर त्यानं न विचारताच सांगितलं.

आदल्या दिवशी दुपारी खानावळीत ती ताट घेऊन आली आणि थांबली. "बाई, उद्या बंद हाय. आमच्या रानात या जेवायला. लेण्यांच्या रस्त्याला, विहिरीवर मोठा लिंब हाय बगा, तितंच."

मला तर लगेच हो म्हणायचं होतं. आणि तोंडातून काय निघावं? "छे छे, नको. तुमी कशाला तरास घेता?"

मी रीत पाळली. आता ती म्हणणार, "तरास कसला बाई?" मग मी पुन्हा आढेवेढे घेणार, मग ती रागावल्यागत करणार, आणि मग मी म्हणणार, "बरं, एवढं म्हणता तर येते." सगळं मनात मांडून झालं होतं. ती म्हणाली, "बरं." तव्यावरची भाकरी जळायला लागली होती, ती आत गेली.

मी ताटात हात धुतला. आमच्या घरात ताटात हात धुणं म्हणजे गुन्हा. पण धुतला.

येळवसच्या सकाळी मी लवकर अंघोळ केली आणि ठेवणीतलं इरकल नेसले. का नेसले ते विचारू नका. दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. समोरचं कुटुंब रिक्षात बसून गेलं, मांडीवर बिंदगं, पोरांच्या हातात उसाची कांडी. जाता जाता त्यांच्यातल्या आजींनी विचारलं, "बाई, निघाला न्हाईत अजून?" मी म्हणाले, "गाडी येतीय न्यायला." मोबाईल मांडीवरच होता. वाजला न्हाई. एकदा वाजला, तेव्हा कर्ज पाहिजे का म्हणून कुणी मुलगी विचारत होती. तिलाही मी नको म्हणाले, तर ती मेली तीनदा विचारत राहिली. आग्रह करायची अक्कल तिलाच तेवढी होती.

ऊन वर आलं. पोटात कावळे ओरडायला लागले. बाहेर पडले तर चाचांची फळी बंद, बेकरी बंद, चौकात गाडा न्हाई, मटणवाल्याचं शटर ओढलेलं. एक कुत्रं मधोमध झोपलं होतं, त्यानं मान वर करून बघितलं न्हाई. मला वाटलं, आपण मेलो असतो तरी हा रस्ता असाच दिसला असता. असं नुसतंच वाटलं न्हाई, मी ते मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कोण होतं?

मी चालत गावाबाहेर निघाले. लेण्यांच्या रस्त्याला न्हाई हं. तिकडं गेले असते तर ती म्हणाली असती, नको म्हणाली आणि आली जेवायला. म्हणून मुद्दाम उलटं, तुळजापूरच्या रस्त्यानं. दोन्हीकडं ज्वारी डोक्याएवढी, जागोजागी कोपी, धूर, पोरांचा कालवा. पहिल्याच बांधावरून एका माणसानं हाक मारली. "ओ मावशी, या जेवायला!"

"झालं माझं," मी म्हणाले.

"बरं बरं," तो म्हणाला आणि पंगतीत गेला.

पुढं एका सुनेनं हाक मारली. तिच्या हातात खिरीचं पातेलं होतं. तिलाही तेच सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. एवढ्या उन्हात, इरकल नेसून, कुणी बोलवावं म्हणूनच मी चालत होते, आणि बोलावलं की जीभ आपलं तेच वळण घ्यायची. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक की या बाईला दुसऱ्यांदा विचारायला लागतं? तिसरी हाक आली न्हाई. मी परत फिरले.

घरी डब्यात आदल्या दिवशीची खारी होती. मऊ पडली होती. ती पाण्यात बुडवून खाल्ली आणि खानावळवालीला मनातल्या मनात लई बोलले. तोंडदेखलं बोलवायचं होतं तर बोलावलंच कशाला, म्हणाले. उद्यापासून तिच्याकडं पाऊल टाकायचं न्हाई, म्हणाले. आणि मग रडले. सणाच्या दिवशी रडू नये, पण घरात अडवणारं कुणी न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी भूक लागली, आणि गेले. जाणार कुठं?

तो गल्ल्यावर होता. नेहमीसारखं "या बाई" म्हणाला न्हाई. मी कोपऱ्यात बसले. ती ताट घेऊन आली, ठेवलं, माझ्याकडं बघितलं न्हाई. मला वाटलं, वा गं वा, रुसायचं मी का हिनं? मीच ताठ मानेनं विचारलं, "कशी झाली येळवस?"

"झाली," ती म्हणाली. मग चटणी वाढता वाढता खाली बघूनच म्हणाली, "आला न्हाईत."

"मी नको म्हणाले होते."

"व्हय. नको तर सगळीच म्हणत्यात." तिनं चटणीचा चमचा वाटीत ठेवला. "मला वाटलं, नको म्हणत्यात म्हंजी येत्यात."

मी म्हणाले, "मग पुन्हा विचारायचं तरी."

ती पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "परक्याला विचारत्यात परत परत. घरच्या माणसाला का अक्षता द्यायची? रोज माझ्या हातचं खाताव तुमी."

गल्ल्यावरून तो बोलला, "दुपार कलंपतूर बांधावर हुबी हुती. पंगत बसू दिली न्हाई. बाई येत्याल, बाई येत्याल. फोन लावाय गेली तर रानात रेंज न्हाई."

"आता ऱ्हाऊ द्या की ते," ती त्याच्यावर खेकसली. मग मला म्हणाली, "तुमचं ताट झाकून ठिवलं हुतं. भज्जी, उंडे, खीर. निघताना म्हशीला घातलं. वाया न्हाई जाऊ दिलं."

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. लेण्यांच्या रस्त्याला लिंबाखाली एक बाई माझी वाट बघत उभी होती, आणि त्याच वेळी मी उलट्या रस्त्याला अनोळखी माणसांना जेवण झालं म्हणून सांगत होते. तिला मी काय सांगणार होते? गाडी आली होती न्यायला? लई जणांचं बोलावणं होतं? मी वरणाचा घोट घेतला. ती दुसऱ्या टेबलाकडं गेली, तिथली दोन पोरं वाढून घेत होती. मी जेवत राहिले. ताटातलं सगळं संपवलं, चटणीसुद्धा. पोट गच्च भरलं.

ती भाकऱ्यांचं ताट घेऊन परत आली. नेहमीसारखं उभ्या उभ्याच विचारलं, "भाकरी?"

"वाढा," मी म्हणाले.

तिनं अर्धी मोडायला घेतली.

"अख्खी वाढा," मी म्हणाले.