उकळत्या पाण्यातला काटा

मेक्सिको शहराच्या उत्तर टोकाला, कुआउतेपेकच्या चढावर आम्ही जुन्या बीटल टॅक्स्या चालवतो. यांच्या इंजिनात पाणी नसतं. वारा आणि ऑइल यांवरच ते थंड राहतं. आमच्यातली एउफ्रोसिना सख्ख्या भावावरही विश्वास ठेवायची नाही. इलारियो मिस्त्रीने तिच्या गाडीला ऑइल किती तापलंय ते दाखवणारा काटा बसवला आणि पहिल्याच चढाला तो लाल पट्ट्यात गेला.

"आता इंजिन खोलायला सांगेल मेला!" ती म्हणाली.

तिने कोपऱ्यावर मक्याचे वाफवलेले तामाले विकणाऱ्या तामालेवालीच्या शेगडीवर पाणी उकळवलं आणि काट्याला जोडलेली, इंजिनातल्या ऑइलचा ताप मोजणारी काडी वायरीसकट काढून त्यात बुडवली. काटा नव्वदीच्या जरा पुढे थांबला. तिने लगेच इलारियोला हाक मारली.

"उकळतं पाणी शंभर असतं. तुझा काटा खोटारडा!"

"अहो बाई, आपण इतक्या उंचावर राहतो. इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं."

"मला शेंडी लावतोस?"

तामालेवाली हसली. "खरंय गं. माझ्या माहेरी, समुद्राकाठी, घेवडा पटकन शिजतो. इथे दुपार उलटते."

एउफ्रोसिनाला ते पटलं, पण आवडलं नाही. काटा खरा, म्हणजे इंजिन खरंच तापत होतं. तिने गाडीच्या मागचं, इंजिनावरचं झाकण उघडून पंख्यामागे हात घातला. हवा ओढणाऱ्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी चिकटली होती. ती काढून पुन्हा चढ चढल्यावर काटा लाल पट्ट्याखालीच राहिला.

"वाचलं तुमचं इंजिन," इलारियो म्हणाला.

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "पण पिशवी तिथे घातली कुणी?"