चंद्रभागाबाईची रंगवलेली परडी

माझी थोरली जाऊ चंद्रभागाबाई म्हणजे येडाईदेवीची आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आन् तोंड असं की मुकादमसुद्धा वाट बदलायचा. दर मंगळवारी पाच घरी आईच्या नावानं जोगवा मागितल्याबिगर तिनं कधी घास खाल्ला न्हाई. परडी सासूबाईंची, वेताची. ती रिकामी ठिवायची न्हाई आन् जोगवा चुकवायचा न्हाई, एवढं ती पाळायची. बाकीचे नेम दुसऱ्यांना सांगायची.

त्या साली दुष्काळ पडला. विहिरीत नुसते दगड दिसाय लागले. निम्मं गाव सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला निघालं, त्यात तीबी. पण आदल्या खेपेला ट्रकमधी भांड्यांखाली परडीचा काठ मोडलेला.

"पुन्यांदा नेली तर भुगा व्हईल. ठिवून गेले तर मंगळवारी मागू कशात?" म्हणत बाई रडकुंडीला आली. असली खमकी बाई अशी बसलेली बघून मला लई वाईट वाटलं.

बिभीषण मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, सुट्टीत दूध सोसायटीच्या पाट्या रंगवायचे. ते म्हणाले, "परडी घरीच ऱ्हाऊ द्या. मी तिचं चित्र काढून देतो."

तोंड धुतलेल्या पाण्यात कुंचला बुडवून त्यांनी परडी काढली. वेताचा पीळ न् पीळ, मोडका काठ, काठाला ओवलेल्या कवडीवरची चकाकी. मी बघतच ऱ्हायले. मास्तरबी स्वतःवर खूश. "असं चित्र माझ्या हातून पुन्हा उतरायचं न्हाई," म्हणाले.

बाईनं कागद उन्हाला धरला, काठावरून बोट फिरवलं. "हुबेहूब हाय. पर मास्तर, रिकामी काढली की वो."

वीण दिसावी म्हणून मास्तरांनी मुद्दाम तशी काढलेली. पण बाईपुढं कुणाची डाळ शिजायची? गुमान मूठभर ज्वारी रंगवून दिली. "जपून आणा," एवढंच म्हणाले. खरी परडी माझ्याकडं ऱ्हायली, चित्र लुगड्याच्या घडीत गेलं.

तिकडं पहिल्याच मंगळवारी तिनं चित्र परातीत ठिवलं आन् झोपड्यांपुढं हिंडली. बाया हसल्या, "ही तर भरलेलीच हाय. आमी काय घालू?"

"रंगाची ज्वारी आई खाती व्हय? घाल गुमान."

उन्हाळ्यात ती परतली तसे मास्तर धावत आले. कागदावर पिठाचे थर, हळदीची बोटं, कुंकवाचे ओघळ. ज्वारी दिसतच नव्हती. मास्तरांचं तोंड उतरलं.

"एकबी मंगळवार चुकला न्हाई," बाई म्हणाली. "आता हे आईचं झालं, नदीत सोडाय पायजे. पर नदीला पाणी कुठंय? तवर ऱ्हाऊ द्या तुमच्या भिंतीला."

पुढच्या साली नदीला पाणी आलं. बाई मास्तरांच्या दारात. "सोडायचं का?"

"घोट्याएवढंच हाय," मास्तर म्हणाले.

त्याच्या पुढच्या साली पूल बुडाला. "आता?"

"लई गढूळ हाय, बाई."

मग ती चित्राखालच्या फळीवर चिमूटभर पीठ ठिवायची आन् घरी येऊन मला सांगायची, "विचारलं गं. यंदाबी न्हाई म्हणत्यात." आन् सुटल्यावानी हसायची.