घडीताईंची आठ दिवसांची रजा

रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघरात घडीताईंनी एकवीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. पलंगाची मोठी चादर दोन झटक्यांत चौकोनी करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. जुने मुकादम निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी त्यांना वर बोलावून सांगितलं, "उद्यापासून मुकादम तुम्ही."

"मी कशाला?" घडीताईंनी खरोखरच विचारलं. साहेबांना वाटलं, बाई विनयशील आहे. ते हसले आणि कागदावर सही घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नेहमीसारख्या डबा घेऊन घडीच्या टेबलापाशी बसल्या, तर बोलणं तुटलं. कपडे वाळवायच्या यंत्रावरचा उंच माणूस, ज्याला सगळे भट्टी म्हणत आणि ज्याचं तोंड एरवी यंत्रापेक्षा जास्त चालायचं, तो डब्याचं झाकण पुसत बसला.

"चालू द्या की," ताई म्हणाल्या.

"काही नाही ताई, असंच आपलं."

असंच म्हणजे काय, ते ताईंना कळलं नाही. पाच-सहा दिवस वाट पाहून त्या मुकादमाच्या काचेच्या खोलीत एकट्या जेवायला लागल्या. मग टाकेकाकू, म्हणजे फाटक्या चादरी शिवणाऱ्या बाई, दुसऱ्या कोणाला म्हणाल्याचं त्यांच्या कानावर आलं: "बघा, खुर्ची मिळाली आणि आपल्यात बसेनाशी झाली."

धुलाईच्या दोन यंत्रांवर दोन साडू होते. सख्ख्या बहिणींचे नवरे, पण कुठल्याशा लग्नात मानपानावरून बिनसलं आणि चार वर्षं अबोला. यंत्रांमध्ये अंतर तीन हातांचं. थोरला ताईंना म्हणायचा, "त्यांना सांगा, गरम पाणी आधी मी घेणार." ताई तीन हात चालून जात आणि सांगत. धाकटा म्हणायचा, "त्यांना सांगा, बरं." ताई परत येत. हेच मुकादमाचं काम असावं, अशी त्यांची समजूत झाली. शिवाय त्यांनी वेळापत्रकाचा मोठा फळा लावला, दर तासाला फेरी मारायला सुरुवात केली. तरी चादरी वर पोचायला उशीरच व्हायचा आणि वॉर्डातल्या नर्सबाई फोनवर करवादायच्या.

ताईंचे यजमान शाळेची बस चालवत. ते म्हणाले, "आवाज चढव जरा. त्याशिवाय कोण ऐकतंय?"

ताईंनी एकदा चढवला. भट्टी ताठ उभा राहून म्हणाला, "हो, मॅडम." त्या 'मॅडम'मुळे त्यांना दिवसभर जेवण गेलं नाही.

मग बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं. ताईंनी आठ दिवसांची रजा टाकली. चार पानं भरून सूचना लिहिल्या, टाचणी लावून टाकेकाकूंच्या हातात दिल्या आणि जीव मुठीत धरून गेल्या.

परत आल्या तर साहेब जिन्यातच भेटले. "वा! आठ दिवसांत एक तक्रार नाही. काय घडी बसवलीत हो!"

ताई तडक खाली गेल्या. चार पानं काकूंच्या खणात होती. टाचणीसुद्धा जागची हलली नव्हती.

"वाचणार होते गं," काकू म्हणाल्या, "पण चष्मा घरी राहिला."

"आठ दिवस?"

"आठ दिवस."

"मग कोणी सांगितलं काय करायचं ते?"

"कोणी नाही," भट्टी मध्येच म्हणाला. "साडेनऊला पहिला ढीग माझ्याकडे यायचा, मी वाळवायचो."

"साडेनऊला? तो तर साडेदहाला येतो!"

"तुम्ही असता तेव्हा साडेदहाला," भट्टी म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

ताई साडवांकडे गेल्या. थोरला म्हणाला, "त्याने विचारलं, पाणी आधी तू घेतोस का मी? मी म्हटलं, घे तू."

"चार वर्षांनी?"

"मध्ये सांगायला कोणी नव्हतं ना, ताई."

घरी येऊन त्यांनी हे सगळं यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू नसलीस की बरं चालतं?"

"तेच तर कळत नाही."

"माझी बस तर माझ्याशिवाय इंचभर हलत नाही."

"तुमच्या बसला माणसांशी बोलायचं नसतं," ताई म्हणाल्या आणि उगाचच रडल्या.

सोमवारी त्या साहेबांकडे गेल्या. "मला परत घडीच्या टेबलावर पाठवा."

"अहो, इतकं छान चाललंय आणि तुम्ही सोडता?"

"मी नसताना छान चाललं, साहेब."

"हेच तर उत्तम मुकादमाचं लक्षण!" साहेब म्हणाले. ताईंचं डोकं भणभणलं. चुकलं तरी आपलं आणि जमलं तरी आपलंच, हा कुठला न्याय?

त्याच आठवड्यात इस्त्रीचा मोठा रोलर सकाळीच बंद पडला. ऑपरेशनची हिरवी कापडं ओली पडलेली, वरून फोनवर फोन. सगळे ताईंकडे बघू लागले. ताईंनी फळ्याकडे पाहिलं, त्यावर हे नव्हतं.

"मला काही सुचत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणाला सुचतंय का?"

धाकटा साडू म्हणाला, "कोठीत दोन हातइस्त्र्या आहेत." काकू म्हणाल्या, "त्या इस्त्र्या हिरव्या कापडांना घ्या. वॉर्डाच्या चादरी आज बिनइस्त्रीच्या जाऊ देत." भट्टी म्हणाला, "मी जरा जास्त वेळ वाळवतो, सुरकुत्या कमी पडतील."

"आणि मी?"

"तुम्ही वर फोन करा. आमचं कोण ऐकतंय तिथे?"

ताईंनी अकरा वॉर्डांना फोन केले. अकरा जणींची बोलणी मुकाट खाल्ली, मग घड्या घालायला टेबलाशी उभ्या राहिल्या. हिरवी कापडं वेळेत गेली.

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन सरळ टेबलाशी बसल्या. भट्टीने या खेपेला बोलणं थांबवलं नाही.

"खरं सांगू ताई? तुम्ही रजेवर होतात तेव्हा मजेत होतो. पण काल तुम्ही नसतात तर आमची खैर नव्हती."

"म्हणजे मी असू का नसू?"

सगळे हसले. काकूंनी आपला डबा ताईंपुढे सरकवला.

पुढे पाच वर्षं त्या मुकादम राहिल्या. फळा उतरवला, निरोप पोचवणं बंद केलं. अधूनमधून मुद्दाम चार दिवसांची रजा टाकत आणि कारण लिहीत, 'घरगुती'. परत आल्यावर कधी सगळं चोख असे, कधी नसे. का, ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. एकदा तर परतल्या तेव्हा गाठोड्यांचा डोंगर साचला होता, काकू फुरंगटून बसल्या होत्या आणि दोन्ही साडू पुन्हा पाठ फिरवून उभे होते. पदर खोचता खोचता ताईंना एकदम हलकं वाटलं. मग हलकं वाटल्याची लाज वाटली. दोन्हींतलं खरं कोणतं, ते ठरवायला वेळ नव्हता. त्यांनी पहिलं गाठोडं सोडलं आणि थोरल्याला हाक मारली.