कृष्णकमळाचा तणाव

इमारतीला रंग द्यायचं ठरलं तेव्हा वेलींची यादी माझ्याकडे आली. सोसायटीत कुठलीही यादी लागली की माझंच दार वाजतं. मी रकानेही आखून देते.

अध्यक्षांचं म्हणणं एवढंच की वेल म्हणजे भिंतीला ओल. मला ते पटेना. दोन संध्याकाळी कंपाउंडभर फिरून कुठली वेल कशी चढते ते टिपलं. मधुमालती मिळेल त्याच्या अंगावर रेलते. गोकर्ण खोडानेच वेढे घालत जाते. गुळवेल साथीच्या काळात घरोघरी लावली गेली, काढा कुणी दुसऱ्यांदा प्यायला नाही. तीही नुसते वेढेच घालते. भिंतीत मुळं रोवून गिलावा सोलतो तो एकटा मनी प्लांट.

तळमजल्यावरच्या काकूंचं कृष्णकमळ तर भिंतीला शिवतही नाही. त्याला स्प्रिंगसारखे हिरवे तणावे फुटतात, आणि ते खिडकीपुढच्या तारेला धरून वर जातं. काकूंची खिडकी पश्चिमेची. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्या दिवसभर तिथंच बसतात. एप्रिलमधलं चार वाजताचं ऊन अडवायला या वेलीशिवाय काही नाही.

म्हणून 'चढण्याची पद्धत' या रकान्यात मी मोबाइलवर लिहिलं, 'तणावे आहेत'. मोबाइलने मला न विचारता 'तणाव आहे' केलं. मी पुन्हा वाचलं नाही. याद्या करणाऱ्या बाईला हे कबूल करणं जड जातं.

बैठकीत अध्यक्षांनी यादी वाचलीच नाही. सगळ्या काढा, रविवारी माणूस येतोय, म्हणाले आणि सही करता करता एका ओळीवर नजर पडून थांबले.

"कृष्णकमळ, तळमजला, तणाव आहे. कुणाकुणात?"

मी खुलासा करायला उठले, तशी काकूंनी शेजारून माझी ओढणी खेचली.

"माझ्यात अन् हिच्यात," त्या म्हणाल्या. "लई दिवसांचं हाय."

अध्यक्षांची सगळी नोकरी सरकारी खात्यात गेली. वादातल्या वस्तूला हात लावायचा नाही, हे एकच तत्त्व त्यांनी तिथून सोबत आणलंय. त्यांनी शेरा मारला: वाद मिटेपर्यंत जैसे थे. आमची समजूत काढायला तीन जणांची समितीही नेमली.

रविवारी मधुमालती, गोकर्ण, गुळवेल सगळं गेलं. मनी प्लांट राहिला, कारण तो अध्यक्षांच्या भिंतीवर आहे.

समिती दोनदा येऊन चहा पिऊन गेली. दोन्ही वेळा काकूंनी मान हलवून सांगितलं, मिटत नाय. रंगारी वेल सांभाळून भिंत रंगवून गेले. त्या दिवशी मी खिडकीखालून जात होते, तर पानांमागून दबका आवाज आला.

"परवा समिती यायलीय. जरा तोंड वाकडं करून बस गं बाई. तू लई हसतीस."